ब्लू रन निवडायचा कसा? कोलोरॅडोत मध्यम पातळीला पोचलेल्या स्कीअर आणि स्नोबोर्डरसाठी

हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून चढलेला माणूस म्हणतो, "गड सोपा आहे." नळीच्या वाटेनं आलेला कानाला हात लावतो. दोघंही खरंच बोलत असतात. गड एकच, वाटा निराळ्या. बर्फातल्या डोंगरांचंही तसंच आहे. "ब्रेकेनरिज मला झेपेल का?" असं कुणी या स्की रिसॉर्टबद्दल विचारलं की मी उलट विचारते: कुठल्या लिफ्टनं वर जाणार, कुठल्या अंगानं उतरणार, आणि किती वाजता?

डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांचं साधारण असं होतं. पहिल्या हिवाळ्यात हौसेनं दोन दिवस धडे घेतले जातात. दुसऱ्या हिवाळ्यात ग्रीन रन, म्हणजे सगळ्यात सोपे आखीव उतार, अंगवळणी पडतात. तिसऱ्या हिवाळ्यात घोडं पेंड खातं. त्याहून अवघड अशा ब्लू रनवर पाऊल ठेवलं की मांड्या आखडतात, शिकलेली वळणं कुठल्या कुठे जातात आणि जीव मुठीत धरून खाली यायचं एवढंच उरतं. मग आपलं वय झालं अशी समजूत करून घेऊन माणूस ग्रीनवरच राहतो, नाहीतर स्की कायमच्या गॅरेजमध्ये जातात. माझे दोन हिवाळे असेच गेले. त्यात पायांचा दोष कमी आणि निवडीचा जास्त होता. ज्या उतारावर मनात आणू तिथे वळता येतं, तिथे शरीर शिकतं. ज्या उतारावर फक्त निभावून न्यायचं असतं, तिथे आधी शिकलेलंही निसटतं.

म्हणून उतार निवडणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते घरी बसून, आदल्या रात्रीपासून सुरू होतं. उदाहरणं सगळी कोलोरॅडोची घेते, कारण ते डोंगर माझ्या पायाखालचे आहेत. पद्धत मात्र कुठेही चालेल.

पायरी १: आपण नक्की कुठे आहोत ते तपासा

"मध्यम पातळी" हा शब्द फार ऐसपैस आहे. कालच ग्रीन सोडलेला आणि दहा वर्षं ब्लू करणारा, दोघंही त्यात बसतात. त्यामुळे एखाद्या रुंद, ओळखीच्या ग्रीन रनवर स्वतःची परीक्षा घ्या.

स्की करत असाल तर खाली एखादी खूण धरा, उदाहरणार्थ पाटी किंवा कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या यंत्राचा खांब. त्याच्या अलीकडे थांबता येतं का? डावीकडे वळून आणि उजवीकडे वळूनही? बहुतेकांची एक बाजू पक्की असते आणि दुसरी कच्ची, आणि उतार वाढला की कच्ची बाजूच दगा देते. मग सलग दहा वळणं घ्या: पाच लहान, पाच मोठी. वेग वळणांनी आवरता येतोय की प्रत्येक वेळी पुढची टोकं जवळ आणून, वेज करूनच आवरावा लागतोय? शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साइडस्लिप. स्की उताराला आडव्या ठेवायच्या, कडा किंचित सैल सोडून घसरत खाली यायचं आणि पुन्हा कडा धरून थांबायचं. दिसायला ही चाल काहीच नाही. पण झेपत नाही अशा जागी सापडलात तर हीच तुम्हाला खाली आणते. ती दोन्ही बाजूंना जमेपर्यंत ब्लूची घाई करू नका, असं मी अगदी आग्रहानं सांगेन.

स्नोबोर्डवर असाल तर टाचेच्या कडेवरून बोटांच्या कडेवर आणि परत, अशी जोडलेली वळणं हवीत. एकाच कडेवर पानासारखं डावी-उजवीकडे तरंगत खाली येणं म्हणजे मध्यम पातळी नव्हे. त्यानं उतार संपतो पण शिकणं थांबतं. शिवाय बोर्ड सपाट ठेवून सरळ जाता यायला हवं, आणि मागचा पाय सोडवून ढकलत पुढे सरकता यायला हवं. हे का, ते पुढे येईलच.

पायरी २: रंग काय सांगतो आणि काय लपवतो

हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा. अमेरिकेत साधारण २५ टक्क्यांपर्यंतच्या उताराला ग्रीन, २५ ते ४० टक्क्यांना ब्लू आणि त्यापुढच्याला ब्लॅक म्हणण्याचा प्रघात आहे. टक्के म्हणजे अंश नव्हेत. ४० टक्के म्हणजे १०० फूट आडवं अंतर गेल्यावर ४० फूट खाली, अंशांत जेमतेम २२. कोकणातल्या कौलारू छपराचा उतारसुद्धा सहसा याहून जास्त असतो. तरीही पहिल्यांदा वरून बघताना पाचावर धारण बसते, हेही खरं.

पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. हे रंग कुठलीही मध्यवर्ती संस्था देत नाही. प्रत्येक रिसॉर्ट आपापले उतार एकमेकांशी ताडून रंग ठरवतं. त्यामुळे ब्लू म्हणजे "या डोंगरावर मधला", एवढाच त्याचा अर्थ. कीस्टोन आणि अरापाहो बेसिन अगदी शेजारी आहेत, पण कीस्टोनच्या दर्शनी भागावर आरामात ब्लू करणारा माणूस अरापाहो बेसिनच्या ब्लूवर गांगरू शकतो. तो डोंगर मुळातच उभा आहे आणि बराचसा झाडांच्या रेषेच्या वर उघडा आहे. विंटर पार्कसारख्या ठिकाणी निळा आणि काळा एकत्र असलेली खूणही दिसते. ती नवख्या मध्यमांसाठी नाही. युरोपात गेलात तर तिथे हिरवा, निळा, लाल, काळा अशी उतरंड असते आणि आपला अवघड ब्लू तिथे लालमध्ये मोडतो. जपानात हिरव्यानंतर थेट लाल येतो.

गुलमर्गला शिकून आलेल्यांसाठी एक सूचना. तिथे खालच्या मैदानावर नवशिक्यांचे उतार आहेत, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर साधारण ३९५० मीटरपर्यंत नेतो. त्या वरच्या भागात यंत्रानं सपाट न केलेला, नैसर्गिक बर्फ असतो. या दोन टोकांच्या मध्ये सराव करायला फारसं काही नाही. त्यामुळे "मी गुलमर्गला केलंय" एवढ्यावरून इथे कुठला रंग झेपेल हे ठरत नाही. इथे आल्यावर एक सकाळ ग्रीनवर घालवा.

रंग ज्या गोष्टी लपवतो त्यांची यादी मनात ठेवा. पूर्ण रन सौम्य आणि मधलाच शंभर फुटांचा तुकडा उभा, असं असू शकतं. रुंदी किती हे रंग सांगत नाही; रुंद रनवर आडवं जाऊन वेग मारता येतो, अरुंद वाटेवर तो पर्यायच नसतो. काल रात्री यंत्र फिरलं की नाही, ऊन आहे की ढग, गर्दी किती, यातलं काहीच त्या निळ्या चौकोनात नसतं.

पायरी ३: डोंगर निवडा

मध्यम पातळीच्या सुरुवातीला माझी पहिली शिफारस नेहमी कॉपर माउंटन. तिथल्या डोंगराची घडणच अशी आहे की पातळ्या आपोआप वेगळ्या झाल्यात. पायथ्याशी डोंगराकडे तोंड करून उभे राहिलात तर उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, सौम्य उतार, मध्यभागी ब्लू, आणि डावीकडे पूर्वेला सरकत जाल तसे उभे उतार. याचा फायदा दोन तऱ्हांनी होतो. चुकून वाट चुकलात तरी एकदम ब्लॅकवर जाऊन पडण्याची भीती कमी. आणि ज्यांच्यासाठी तो उतार नाही असे सुसाट वेगवान लोकही तुमच्या रनवर कमी येतात. मधल्या भागातल्या अमेरिकन ईगल आणि अमेरिकन फ्लायर या लिफ्टवर दिवसभर फिरत राहिलं तरी कंटाळा येत नाही. डोंगराचं तोंड बऱ्याच अंशी उत्तरेला असल्यानं बर्फही टिकून राहतो.

ब्रेकेनरिज पाच शिखरांवर पसरलंय आणि त्यांना सरळ क्रमांक आहेत: ६ ते १०. पाहुणे बहुधा ८ किंवा ९ वर घुटमळतात, कारण वाहनतळातून तिकडे जाणं सोयीचं पडतं. पीक ९ च्या खालच्या भागात नवशिक्यांची झुंबड असते. पीक १० चा बराच भाग ब्लॅक. तुम्हाला हवंय ते पीक ७. तिथल्या इंडिपेन्डन्स सुपरचेअर या लिफ्टवरून उतरणारे रन सगळे ब्लू, आणि एकसारखे उभे नसून लाटांसारखे: थोडा उतार, मग पायरीसारखा सपाट भाग, पुन्हा उतार. ती सपाटी म्हणजे श्वास घेण्याची जागा. एकाच लिफ्टवर सहा-सात फेऱ्या माराव्यात अशी ही जागा आहे.

कीस्टोनचा दर्शनी डर्कम डोंगर लांबच लांब रनसाठी चांगला. स्कूलमार्म हा ग्रीन तीन मैलांहून लांब आहे आणि दिवसाची सुरुवात करायला झकास. पण कीस्टोनचे तीन डोंगर एकामागे एक आहेत: डर्कम, त्यामागे नॉर्थ पीक, त्यामागे आउटबॅक. मागे जाताना मोझार्ट नावाचा ब्लू लागतो. तोच मुख्य रस्ता असल्यानं सगळ्यांची वर्दळ तिथे, आणि दुपारपर्यंत बर्फ खरवडून निघालेला. शिवाय मागे गेलात की परत यायला लिफ्टच पकडावी लागते. पहिल्या दोन भेटींत डर्कमवरच राहा.

व्हेल फार मोठं आहे, ५००० एकरांहून अधिक. १९६२ साली ते सुरू करणाऱ्यांपैकी पीट सायबर्ट हे दुसऱ्या महायुद्धातल्या दहाव्या माउंटन डिव्हिजनचे सैनिक. जवळच्याच कॅम्प हेलला या तुकडीचं बर्फातलं प्रशिक्षण झालं होतं, आणि व्हेलच्या रीवा रिज या लांबलचक रनचं नाव ही तुकडी इटलीत ज्या डोंगरावर लढली त्याचं आहे. व्हेलची ख्याती बॅक बोल्सची, म्हणजे डोंगरामागच्या कटोऱ्यासारख्या उघड्या उतारांची. पण मध्यम पातळीच्या माणसानं आधी दर्शनी बाजूचे ग्रूम केलेले, म्हणजे यंत्र फिरवून सपाट केलेले, ब्लू करावेत, ते जमल्यावर ब्लू स्काय बेसिन. बॅक बोल्समध्ये बहुतांश भाग यंत्र न फिरवलेला आणि दक्षिणेकडे तोंड असलेला. चायना बोलमधलं पॉपीफील्ड्स ग्रूम केलेलं असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर तेवढं एक करून तो अफाट पांढरा कटोरा आतून बघून यावा.

विंटर पार्कमध्ये विंटर पार्क आणि मेरी जेन अशा दोन बाजू. मेरी जेन उंचवट्यांसाठी, म्हणजे मोगलसाठी, नावाजलेली. पाटीवर मेरी जेन दिसलं की थांबून नकाशा बघायचा. या ठिकाणाचं मोठं सुख म्हणजे हिवाळ्यात डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून थेट पायथ्याशी नेणारी रेल्वेगाडी. शनिवारी सकाळी आय-७० या डोंगरांकडे जाणाऱ्या महामार्गावर तासन् तास अडकण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

बीव्हर क्रीकला उलटा प्रकार आहे. सगळ्यात सौम्य उतारांपैकी काही अगदी माथ्यावर आहेत. वर जायला घाबरू नका, खाली येताना मात्र वाट तपासा. आणि कधी आस्पेनकडे गेलात तर स्नोमासचा बिग बर्न हा रुंद, मोकळा भाग चुकवू नका.

उंचीबद्दल इथेच सांगते. डेन्व्हर १६०९ मीटरवर आहे. कळसूबाईचा माथा १६४६. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या जवळपास उंचीवर आपण रोज भाजी आणायला जातो. ब्रेकेनरिज गाव २९०० मीटरच्या वर आणि तिथली सगळ्यात उंच लिफ्ट ३९०० मीटरच्याही पुढे. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना पहिल्याच दिवशी वर नेऊ नका. डोकं दुखतं, दम लागतो, आणि दमलेल्या पायांना ब्लूसुद्धा ब्लॅक होतो. एक-दोन दिवस डेन्व्हरला काढा, पाणी भरपूर प्या, पहिल्या दिवशी अर्धाच दिवस खेळा.

पायरी ४: आदल्या रात्री नकाशा वाचा

बहुतेक जण नकाशात रन शोधतात. तुम्ही लिफ्ट शोधा. अशी लिफ्ट, जिच्या माथ्यावरून निघणारे सगळे रन ग्रीन किंवा ब्लू आहेत आणि सगळे फिरून त्याच लिफ्टच्या पायथ्याशी येतात. मग वर एखादं वळण चुकलं तरी बिघडत नाही. अशा दोन लिफ्ट हेरून ठेवल्या की दिवसाची बेगमी झाली.

त्यानंतर परतीची वाट बोटानं काढून बघा. शेवटच्या लिफ्टपासून गाडीपर्यंत. तिच्यात ब्लॅकचा एकही तुकडा नको. परतीच्या ग्रीन वाटा पुष्कळदा कॅटवॉक असतात, म्हणजे डोंगराच्या कुशीत कोरलेला अरुंद रस्ता, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उतार. रंग हिरवा असला तरी तिथे वळायला जागा नसते.

नकाशा रंगवलेलं चित्र असतं, मोजमाप नव्हे. डोंगराच्या मागच्या बाजू पुढे ओढून दाखवलेल्या असतात, दऱ्या सपाट झालेल्या असतात. सह्याद्रीत भटकलेल्यांना इथे फायदा आहे. सोंड कुठे, घळ कुठे, खिंड कुठे हे बघायची नजर असतेच. रन सोंडेवरून उतरतोय की घळीतून, एवढं जरी ओळखलंत तरी खूप कळतं. सोंडेवर वारा लागतो आणि बर्फ उडून कडक थर उघडा पडतो. घळीत बर्फ साचतो पण रन अरुंद होत जातो.

पायरी ५: सकाळी बर्फ बघा, मग ठरवा

रिसॉर्टच्या अॅपवर रोज सकाळी ग्रूमिंगचा अहवाल येतो: रात्री कुठल्या रनवर यंत्र फिरलं. मध्यम पातळीच्या माणसासाठी यापेक्षा मोलाचा कागद नाही. रंगाच्या आधी हे बघा. आज सकाळी ग्रूम केलेला अवघड ब्लू हा चार दिवस यंत्र न फिरलेल्या सोप्या ब्लूपेक्षा सोपा असतो.

ताज्या ग्रूम केलेल्या बर्फावर एकदा वाकून हातमोज्याची बोटं फिरवा. तिफणीनं पेरलेल्या शेतासारख्या बारीक, सरळ ओळी लागतात. खाली घट्ट, वर भुसभुशीत. कडा टेकवली की सर्रर्र असा मऊ, एकसारखा आवाज येतो आणि स्की रुळावर बसल्यासारखी वळते. त्या आवाजाची ओळख ठेवा. दुपारी तोच रन खर्रखर्र वाजायला लागला, की वरचा थर निघून गेलाय आणि खाली घासलेला, चकाकता बर्फ आहे. तिथे सकाळी जमलेलं वळण जमत नाही. माणूस तोच, रनही तोच, फक्त चार तास गेलेले असतात.

ऊन आणि दिशा. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर बर्फ थंड आणि कोरडा राहतो. दक्षिणेकडचा भरदुपारी मऊ होतो आणि रात्री गोठून सकाळी काचेसारखा होतो. एप्रिलमध्ये हे फार जाणवतं. तेव्हा सकाळी घाई नको. दहा-अकराला पूर्वेचे उतार सैल पडले की निघायचं आणि उन्हामागून सरकत जायचं. डिसेंबर-जानेवारीत उलट. उत्तरेचे उतार दुपारी अडीच-तीनलाच सावलीत जातात आणि तिथे उजेड सपाट होतो. सपाट उजेड म्हणजे सगळं पांढरं-करडं एक. उंचवटा, खड्डा, बर्फाचा ढीग काही दिसत नाही, पायाला लागल्यावर कळतं. अशा वेळी आणि बर्फ पडत असताना झाडांच्या रेषेच्या वर जाऊ नका. दोन्ही बाजूंना झाडी असलेला रन धरा. काळ्या-हिरव्या खोडांमुळे डोळ्याला उतार कळतो. इथल्या डोंगरांत झाडांची रेषा साधारण साडेअकरा हजार फुटांवर संपते. झाडांच्या बाजूनं जायचं, झाडांमध्ये शिरायचं नाही. तिथे बुंध्याभोवती मऊ बर्फाचे खड्डे असतात, आणि एकट्यानं त्यात पडणं जिवावर बेतू शकतं.

रात्री दहा-बारा इंच ताजा बर्फ पडला की सगळे हरखून जातात. तेव्हा अगदी सौम्य ग्रीनवर जाऊ नका, तिथे तुम्ही अडकून उभे राहाल. खोल बर्फात पुढे सरकायला थोडा उतार लागतो. ओळखीचा, रुंद, मध्यम ब्लू घ्या. बर्फच वेग धरून ठेवतो. स्कीवर मागे रेलू नका. बोर्डवर मात्र वजन जरासं मागच्या पायावर.

स्नोबोर्डरसाठी वेगळा हिशेब

माझा भाचा बोर्ड करतो आणि मी स्की. सुरुवातीला आम्ही एकत्र फिरायचो आणि दोघंही वैतागायचो. पीक ७ वरून दुसऱ्या शिखराकडे जाताना एक लांब सपाट भाग आला. मी काठ्या मारत निवांत चालले होते. मागून ओरडा ऐकू आला, "मावशी, मध्ये थांबू नकोस गं! माझा वेग गेला तर मला पाय सोडून चालावं लागेल!" मी थांबले होते. तो माझ्यामुळे थांबला. पुढची वीस मिनिटं त्यानं एका पायानं ढकलत, घामाघूम होत काढली. त्या दिवसापासून नकाशात मी सपाट भाग आधी शोधते.

बोर्डरनं कॅटवॉक, दोन शिखरांना जोडणाऱ्या आडव्या वाटा आणि लिफ्टकडे नेणारे चढ टाळावेत. व्हेलसारख्या पसरलेल्या ठिकाणी अशा वाटा पुष्कळ आहेत, म्हणून तिथे एकाच भागात राहणं शहाणपणाचं. सपाट भाग येणार हे माहीत असेल तर आधीच्या उतारावर शक्य तेवढा, ताब्यातला वेग धरून बोर्ड सपाट ठेवून जायचं. टी-बार लिफ्ट, म्हणजे दांड्याच्या आधारानं बर्फावरूनच ओढत नेणारी, जमत असेल तरच घ्या. उंचवट्यांचे रन बोर्डवर जास्त छळतात, तर मऊ, मोडलेला बर्फ बोर्डवर स्कीपेक्षा सुखाचा. म्हणजे जोडीनं फिरताना दोघांचा "सोपा रन" एकच असेल असं नाही. लिफ्ट एक ठेवा, रन वेगळे घ्या, पायथ्याशी भेटा. आणि युटातल्या अल्टा आणि डिअर व्हॅली, तसंच व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनमध्ये स्नोबोर्डला मुळात परवानगीच नाही. मिश्र कुटुंबानं तिकडचा बेत आखण्याआधी हे लक्षात असू द्या.

पायरी ६: रनच्या तोंडाशी उभं राहून

लिफ्टमधून वर जाताना खाली बघत जा. मध्यम लोक त्या रनवर कसे उतरतायत? वळतायत की आडवे घसरतायत? बसलेले किती? ही फुकटची, ताजी माहिती असते.

मग रनच्या तोंडाशी बाजूला थांबा आणि स्वतःला एकच विचारा: माझी पहिली तीन वळणं कुठे होतील ते मला दिसतंय का? दिसत असेल तर जा. पुढचा उतार कडेआड गायब होत असेल, तर थोडं आडवं जाऊन कडेच्या पलीकडे काय आहे ते बघा. खाली जाण्याआधी नाही म्हणणं सोपं असतं, मध्यावर गेल्यावर फार अवघड.

हे मी शिकले ते असं. एका जानेवारीत दुपारी साडेतीनला मैत्रीण म्हणाली, "अगं, ब्लूच आहे, चल ना." मी सकाळी तोच रन छान केला होता, म्हणून गेले. ऊन गेलं होतं. वरचा ओळी-ओळींचा मऊ थर निघून खाली निळसर, कडक बर्फ दिसत होता, आणि मधल्या उभ्या तुकड्यावर स्कीची कडाच धरेना. दोनदा पडले. नंतर अर्धा तास मी फक्त साइडस्लिप करत, झाडांच्या कडेला उरलेल्या मऊ बर्फाचा पट्टा धरून खाली आले. तो कडेचा पट्टा लक्षात ठेवा. दुपारी रनच्या मध्यावर बर्फ घासलेला असतो, आणि निघालेला मऊ बर्फ सरकून कडेला साचलेला असतो.

अडकलातच तर: घाबरून सरळ खाली सोडू नका. साइडस्लिप करा. तेही जमत नसेल तर रनच्या अगदी कडेला, वरून येणाऱ्यांना दिसाल असे थांबा. उंचवट्याच्या खाली कधीच नाही. लाल जाकिटातले स्की पॅट्रोलचे लोक दिसले तर बिनदिक्कत हाक मारा, किंवा नकाशावर दिलेल्या क्रमांकाला फोन करा. ते याच कामासाठी असतात. आणि खाली असलेल्या माणसाला धडक न देण्याची मुख्य जबाबदारी वरच्याची, हे कोलोरॅडोच्या १९७९ च्या स्की सेफ्टी कायद्यातच लिहिलंय. म्हणून तुमच्या पुढे कुणी हळू, वेडंवाकडं जात असेल तर अंतर राखणं तुमच्याकडे लागतं. दोरी लावून बंद केलेल्या रनवर जाणं तर कायद्यानंच मना आहे.

पायरी ७: पुढे सरकताना एका वेळी एकच बदल

तोच ब्लू दहा वेळा करा. पहिल्या दोन फेऱ्यांत वाट कळते, मधल्या फेऱ्यांत पाय सैल होतात आणि शेवटच्या फेऱ्यांत खरं शिकणं होतं. रोज नवा रन मोजत फिरणारे लोक मला दोन वर्षांनी त्याच जागी दिसतात.

आता थोडं अवघड करायचंय? उतार वाढवायचा असेल तर बर्फ ग्रूम केलेला, उजेड चांगला आणि रन रुंद ठेवा. उंचवटे शिकायचे असतील तर ते सौम्य उतारावर शोधा. काही रिसॉर्ट ब्लूच्या अर्ध्या रुंदीवर यंत्र फिरवतात आणि अर्ध्यावर उंचवटे तसेच ठेवतात. ही सोन्यासारखी जागा. चार उंचवटे करा, दमलात की गुळगुळीत बाजूला या. पहिला ब्लॅक करायचा तो त्याच सकाळी ग्रूम झालेला, साडेनऊच्या सुमारास, ओळखीच्या डोंगरावर, पाय ताजे असताना. मित्र म्हणतात म्हणून दुपारी नाही.

आणि एखादा धडा पुन्हा घ्या. नवशिक्यांसाठीच धडे असतात ही समजूत आपल्याकडे फार आहे. मध्यम पातळीच्या गटातला एक दिवसाचा धडा घेतलात तर प्रशिक्षक तुम्हाला त्या डोंगरावरचे तुमच्या पातळीचे रन स्वतः फिरवून दाखवतो. नकाशावर रात्रभर डोकं खाजवून जे कळत नाही ते त्या तीन तासांत कळतं.

परतीची वेळ

लिफ्ट साधारण साडेआठ-नऊला सुरू होतात आणि चारच्या सुमारास बंद. शेवटच्या तासात सगळा डोंगर एकाच दोन-तीन वाटांवर उतरतो. दमलेले पाय, घासलेला बर्फ, सपाट उजेड आणि गर्दी, चारही गोष्टी एकदम. मी तीन वाजता शेवटची फेरी धरते. ज्या ठिकाणी गोंडोला पायथ्यापर्यंत येतो तिथे मांड्या थरथरत असतील तर गोंडोलात बसून खाली येते. स्की बाहेरच्या खोबणीत, हातमोजे काढून मांडीवर, आणि खाली तासापूर्वीचा आपला रन सावलीत जाताना दिसत असतो. साडेतीनला गाडीत बूट बदलून झालेले असतात आणि आय-७० वरची रांग अजून लागायची असते.